बसल्या जागी

इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या परीक्षेला करिष्मानं लवळ्याच्या कॉलेजात खऱ्या मापाचं स्वयंपाकघर उभं केलं होतं. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, “अगं, ओटाच विसरलीस की!” करिष्मा बोलली, “विसरले न्हाई, मॅडम. आमची आय बसूनच भाकरी करती.” बाईंनी चपला काढल्या, शेगडीपुढच्या पाटावर मांडी घातली आणि हात लांबवला. पीठ, परात, मिठाची बरणी, सगळं बसल्या जागी हाताला लागलं. “हे माप कुठल्या पुस्तकातलं?” करिष्मानं खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली. रिहे गावातल्या घरी भाकऱ्या थापणाऱ्या आईचा हात तिनं त्याच सुतळीनं मोजला होता. “जूनपासून माझ्या ऑफिसात ये,” बाई म्हणाल्या. करिष्मानं नाचतच फोनवरून आईला कळवलं. शेळ्या हाकत आई म्हणाली, “हात माझा मोजला, आन् नोकरी तुला एकटीलाच व्हय गं?”