पहिली सही

"कागद उचल. जळेल," इस्त्रीवाली म्हणाली.

नर्सबाईने तो अर्ज घाईने मागे ओढला. तोवर एक कोपरा पिवळा पडलाच होता.

गल्लीच्या टोकाला तुरुंगाची भिंत होती. भिंतीला लागून आत विणकामाची एक जुनी शेड रिकामी पडून होती. तिथे कैद्यांसाठी प्रार्थनेची खोली करायची होती, सगळ्या धर्मांची मिळून एकच. मूर्ती नाही, तसबीर नाही. कोऱ्या भिंती, खाली सतरंजी, आणि ज्याने त्याने आपला देव मनातून आणायचा. तुरुंगाच्या साहेबांनी अट घातली होती, शेजारच्या वस्तीची संमती आणा. म्हणून नर्सबाई तीन आठवडे दारोदार हिंडत होती. लोकांनी तिला चहा पाजला, बसायला खुर्ची दिली. सही कुणी दिली नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी इस्त्रीवाल्या काकूंची आणा, मग बघू.

कारण अपघात झाला तेव्हा मोटारसायकल नर्सबाईचा मुलगा चालवत होता, तेही पिऊन. मागे इस्त्रीवालीचा बसला होता. शाळेपासूनचे जिवलग. चालवणारा वाचला, आणि आता त्याच भिंतीआड शिक्षा भोगत होता.

"काकू, चोरदरोडेखोरांना कसला आलाय देव?" समोरून न्हावी ओरडला. त्याच्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. "आणि सगळे देव एका खोलीत कोंबले, तर आधी देवांचीच जुंपेल!"

"तू तुझ्या हातातला गाल बघ," इस्त्रीवाली मान वर न करता म्हणाली. "कापशील."

गल्लीला वाटे, ती अजून रागावलेली आहे. राग केव्हाच निवला होता. उरला होता हेवा, आणि हेवा कुणाला सांगायची सोय नसते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी नर्सबाई पिशवी घेऊन तुरुंगात मुलाच्या भेटीला निघे. इस्त्रीवालीची नजर त्या पिशवीला चिकटून पार फाटकापर्यंत जाई. मग दिवसभर तिच्या हातून कॉलरी बिघडत.

आजही पिशवी होती.

"काय नेतेस?"

"काही नाही, वहिनी. बनियन."

"दाखव."

पूर्वी दोघी अगं-तुगंच्या होत्या. अपघातानंतर नर्सबाई अहो-जाहोवर आली होती. तिने मुकाट्याने बनियन पुढे केलं. इस्त्रीवालीने उलटं करून मानेजवळचा आकडा पाहिला. पंच्याण्णव.

"पंच्याऐंशी लागायचं ना त्याला?"

"अंगाने सुटलाय हो. बसून बसून." गुन्हा कबूल करावा तशी नर्सबाई म्हणाली.

दोघं मित्र एका मापाचे होते. एकमेकांची बनियनं खुशाल घालायचे, धुण्यात कुणाचं कुठलं ते कळायचं नाही. इस्त्रीवालीच्या कपाटात पंच्याऐंशीची चार अजून घडी घातलेली होती. ती आता कधीच कुणाला लहान होणार नव्हती.

"वाढतोय तुझा," ती म्हणाली. "पोट सुटतंय. उद्या टक्कल पडेल. तू त्याच्या नावाने कटकट करशील, डाएट कर म्हणून मागे लागशील. केवढं नशीब ते! आणि वर त्याला खोली पाहिजे?"

"खोली काय त्याच्या एकट्यासाठी..."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"त्याच्यासाठीच," नर्सबाई म्हणाली. "तुम्हाला काय सांगू? त्याच्यासाठीच हिंडते मी."

"काय मागायचंय त्याला देवाकडे? लवकर सुटका?"

नर्सबाईने अर्ज पिशवीत सारायला घेतला. त्याच्या मागे आणखी कागद टाचलेले होते.

"ते कसले?"

"ज्यांना खोली हवी, त्यांनी का हवी ते लिहून दिलंय. एकेक ओळ."

"त्याची वाच."

"नको, वहिनी."

"मग मी वाचते."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली, हात पदराला पुसले आणि कागद ओढून घेतले. कुणाला गुडघे टेकायला जागा हवी होती. कुणाला नुसती शांतता. एकाला कुणी बघत नसताना रडायचं होतं. तिसऱ्या पानावर ते अक्षर आलं. तिला ते ओळखायला वेळ लागला नाही, दोघांचा अभ्यास याच टेबलाखाली बसून झाला होता.

ती मोठ्याने वाचू लागली. "मला दिवसातून एकदा एक नाव मोठ्याने घ्यायचं आहे. बराकीत घेतलं की बाकीचे चेष्टा करतात."

तिने मान वर केली. "कुठल्या देवाचं नाव?"

"देवाचं नाही, वहिनी."

एवढं बोलून नर्सबाई टेबलाखालच्या त्या जागेकडे बघत राहिली. समोर न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

इस्त्रीवालीने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. हेवा परत उफाळला, पण आता तो नर्सबाईचा नव्हता. आत बसलेल्या त्या पोराचा होता.

"पेन दे."

तिने सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. गल्लीतली पहिली. नर्सबाईने अर्ज घ्यायला हात पुढे केला, तरी इस्त्रीवालीला तो सोडवेना.

"तुझ्या त्या साहेबांना एक विचारशील का गं?" न्हाव्याला ऐकू जाऊ नये इतका तिचा आवाज खाली आला. "आमच्या घरी माझ्या पोराचं नाव निघालं की माणसं ताटावरून उठतात. त्या खोलीत बाहेरच्या कुणाला बसू देतील?"