मिलिटरी ट्रकचा ताबा

आकारामनं लष्कराच्या लिलावात घेतलेला, महायुद्धाच्या काळातला ट्रक इस्लामपूरच्या एका ठेकेदारानं सहा वर्षं दाबून ठेवला होता. त्यातनं ऊस वाहत होता. तो सोडवायला मी आणि मिलिंद कोरेगावहून आकारामसोबत गेलो, ते भांडायच्या तयारीनंच. पण ठेकेदारानं स्वतः फाटक उघडलं. चहासुद्धा पाजला.

"न्या की, तुमचीच गाडी हाय. फकस्त एवढं लिहून द्या, की ती माझ्याकडं कवाच नव्हती. कायम तुमच्याच ताब्यात होती. म्हंजी वाद मिटला."

आकारामनं खुशीत सही ठोकली. साक्षीदार म्हणून आम्हीही केल्या.

ट्रक नुकताच धुतलेला होता. पुढच्या बंपरचा रंग अजून बोटाला लागत होता.

"लाजंकाजंनं का हुईना, सजवून दिली बघ," आकाराम हसला.

कराडच्या अलीकडं पोलिसांनी हात केला. फौजदारानं नंबर हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघितला.

"मालक कोण?"

सहा वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून आकाराम तरसला होता.

"मीच, सायेब! ह्यो कागूद. आन् हे साक्षीदार."

फौजदारानं कागद सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग वाकून मागच्या चाकाजवळ अडकलेली हिरव्या लुगड्याची चिंधी ओढून काढली.

"परवा संध्याकाळी या ट्रकखाली एक बाई गेली. तुमच्यापैकी चालवत कोण होतं?"