दुसरं पुडिंग

उद्या कॉलनीच्या बागेत वसंतातलं पॉटलक होतं. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ न्यायचा. "आदल्या दिवशी करून ठेवलं की सकाळी डोक्याला ताप नाही," असं म्हणत आईनं लिंबाचं पुडिंग केलं, वरून साल किसून टाकली आणि वाडगा आत ठेवायला फ्रिज उघडला.

आत तसंच पुडिंग होतं. काठोकाठ भरलेलं, वर किसलेली साल.

"हे मी कधी केलं गं?" तिनं मला विचारलं. आजीचंही असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, शेवटी ती आम्हालाच विसरली. मी आईच्या हातातून वाडगा काढून घेतला.

बाबा हातातला पेपर बाजूला टाकून आले. त्यांनी एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"अगं, ते मी केलंय! म्हटलं, तेवढाच तुला हातभार. सांगायचंच राहिलं बघ."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? किती घाबरले मी!" आईचा जीव भांड्यात पडला. ती पुडिंगकडे कौतुकानं बघत राहिली. "पण छान जमलंय हो तुम्हाला."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.


बाबांना साधा चहासुद्धा करता येत नाही, हे आई विसरली होती.