पिसवा आणि धुकं

कलगोंडाने निखाऱ्यांवर आणखी मूठभर गंधक टाकलं. निळी ज्योत उठली आणि धूर नाकाडोळ्यांत झोंबला. झोपडीत राजमती खोकत होती. दहा पावलांवरचा ओढा धुक्यात दिसत नव्हता. हे धुकं आपल्या बायकोचा जीव घेणार, या भीतीने त्याने निखाऱ्यांवर कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्याही ओढल्या.

प्लेगने निपाणी ओस पडली होती. तंबाखूच्या वखारीला कुलूप ठोकून कलगोंडा राजमतीला घेऊन ओढ्याकाठच्या शेतात राहायला आला होता. उंदरांवरच्या पिसवा रोग आणतात, गंधकाच्या धुराने पिसवा मरतात, अशी दवंडी त्याने ऐकली होती. मुंगी चुकवून पाऊल टाकणारा जैन माणूस तो. रोज एवढे जीव मारायचे, हे त्याला आतून खात होतं. पण राजमतीच गेली तर उरलेलं पुण्य कुणाच्या ओटीत घालायचं? म्हणून तो पहाटे दारात धुनी पेटवी, आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवला की त्याच धुनीकडे तोंड करून हात जोडी.

"जीवांनो, चुकलो. क्षमा करा."

"पिसवास्नी आयकू गेलं का बगा," राजमती आतून म्हणे आणि हसे.

अलीकडे मात्र तिचं हसू आटलं होतं. धुकं दुपार झाली तरी उठत नव्हतं. तिने हौसेने लावलेल्या शेवंतीची पानं पांढरट पडून करपली. कलगोंडाने सगळा दोष धुक्याला दिला आणि धुनी दुप्पट केली.

त्या सकाळी बेळगावचे डॉक्टर मारुतीराव तिला तपासायला आले. त्यांनी तिची छाती ऐकली. बाहेर येऊन शेवंतीचं एक पान खुडलं, उलटसुलट करून पाहिलं.

"प्लेग नाही," ते म्हणाले.

कलगोंडाचा जीव भांड्यात पडला.

"ही धुनी रोज असते?"

"व्हय. धुकं हटावं म्हणून लई वाढवली बी."

डॉक्टरांनी ते पान त्याच्यापुढे धरलं. "आण्णा, धुक्याचा थेंब धुराच्या कणावरच धरतो. जितका धूर जास्त, तितकं धुकं दाट. त्यात गंधकाचा धूर विरघळला की थेंबाथेंबाचं तेजाब होतं. या खोलगटात थंड हवा साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, मग ते सगळं इथंच कोंडतं. पानं त्यानंच जळाली. बाई तेच श्वासात ओढतायत. धुनी विझवा आणि त्यांना टेकावर हलवा."

"बरी हुईल न्हवं?"

"छातीचं काही सांगवत नाही."

डॉक्टर गेले. कलगोंडाने घागरभर पाणी धुनीवर ओतलं. राख चरचरली. रोग दाराशी येऊ नये म्हणून त्याने दारातच विष शिजवलं होतं, आणि ती खोकली की पुन्हा वर गंधक टाकलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पाणी मागणाऱ्या राजमतीला त्याने तांब्या दिला तो खाली मान घालून. उद्या सकाळी गाडी जुंपायची, एवढंच तो बोलला. डॉक्टर काय म्हणाले, ते सांगायला त्याची जीभ रेटेना.

संध्याकाळी तो जेवला नाही. दिवस मावळायला आला तेव्हा तो नेहमीसारखा दारात जाऊन बसला. मग उठला, विझल्या धुनीकडे पाठ केली, आणि आत येऊन राजमतीच्या अंथरुणासमोर हात जोडले.

राजमतीने डोळे उघडले. धाप आवरत ती पुष्कळ दिवसांनी हसली.

"अवो, हिकडं कशाला तोंड केलंसा? पिसवा तिकडं हायत."