परसातली दोरी

"आबा, आता परसात जायला नको. संडास तुमच्या खोलीला लागूनच केलाय. पाइपही सगळे नवे," दिगंबर हौसेनं सांगत होता. आबा महिनाभर ताईकडे राहायला गेले तेवढ्यात त्यानं परसातल्या संडासाचं जुनं भांडं, फुटके पाइप, सगळं उपसून काढलं होतं.

आबांनी सवयीनं मागच्या दाराची खुंटी चाचपली. ती रिकामी होती.

"दोरी?"

"खणताना मध्ये येत होती. राडारोड्यासोबत गेली."

आबांचे डोळे गेले तेव्हा दिगंबरच्या आईनं ती खुंटीपासून संडासापर्यंत ताणून बांधली होती. "माझ्यामागं यांच्यावर कुणाचा हात मागायची वेळ येऊ नये," म्हणाली होती. आई गेल्यावरही आबा दोरी धरून एकटेच जात.

आबांनी खुंटी सोडली. मग त्यांनी हात लेकापुढं केला.

"चल. नव्या संडासाकडं ने मला."