शेवटच्या पानावरचा भात

"नमः पार्वतीपते!" महिपतीकाकांनी हाक दिली. "हर हर महादेव!" म्हणत साठ माणसांनी भातात हात घातला. त्यातल्या चौघांच्या पानावर भातच नव्हता.

ते चौघे नेमके व्याही निघाले. पेणच्या रामवाडीहून आलेले हैबतराव आणि त्यांच्या घरची माणसं. हैबतरावांची बोटं पानावर इकडेतिकडे फिरली आणि शेवटी त्यांनी लोणचं चाटलं. त्यांच्यापासून तीन पावलांवर वैशाली भाताची बादली घेऊन उभी होती. बादली जड होती, मांडव लांब होता आणि तिचं लक्ष तिथे नव्हतंच.

ते होतं घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये. रोह्याला राहणारी वैशाली नोकरी सांभाळून बीएसडी नावाच्या संगणकप्रणालीसाठी एक ड्रायव्हर, म्हणजे जोडणी करून देणारा प्रोग्राम, तयार करत होती. ही प्रणाली जगभरातली हौशी मंडळी मिळून चालवतात. हल्ली एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवतात. त्या आतल्याला जगाशी बोलता यावं, म्हणून हा ड्रायव्हर. काम ऐकायला सोपं. आतल्याने निरोप ठरलेल्या खणात ठेवायचा, मग घंटा वाजवायची. घंटा ऐकून बाहेरचा संगणक तो खण उघडतो आणि निरोप पुढे धाडतो. जुन्या यंत्रावर हे बिनबोभाट चालायचं. नव्या, चपळ यंत्रावर मात्र हजारातले चार-पाच खण रिकामे निघत. काय चुकतंय ते पाहायला तिने जागोजागी नोंदी छापायला लावल्या, की सगळं शहाण्यासारखं चाले. नोंदी काढल्या, की पुन्हा तेच रडगाणं.

आठ महिन्यांचं काम होतं. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्ती गेली नाही, तर नव्या आवृत्तीतून तिचा ड्रायव्हर वगळणार होते. म्हणून ती गडब गावी, मावसभाऊ निकेशच्या वास्तुशांतीलाही लॅपटॉप घेऊन आली होती. आणि म्हणूनच हौसामावशीने तिला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. "ऊठ गो, भात वाढ. तुजा तो डबा काय पलून जात नाय."

वैशालीने घाईघाईने चारही पानांवर भात वाढला. हैबतराव भले माणूस, हसून जेवू लागले. निकेशचा चेहरा मात्र पडला. नवं घर त्याचं, व्याही त्याच्या बहिणीच्या सासरचे. तो काकांच्या कानाशी लागला, पण हळू बोलणं त्याला जन्मात जमलेलं नाही. सगळ्या मांडवाने ऐकलं.

"काका, फुडच्या पंगतीला हाक दुसरा कोनतरी देईल. तुमी बसा आता."

गडबमध्ये चाळीस वर्षं पंगतीची हाक महिपतीकाकांची. वीस पानांच्या पंगती होत्या तेव्हा सगळं नजरेत मावायचं. आता मांडव साठ पानांचा, आणि काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शेवटचं पान त्यांना दिसतच नव्हतं. इतक्या वेळात वाढून होतं, या जुन्या अंदाजाने त्यांनी हाक दिली होती. ते खाली बघत राहिले. वैशालीला फार वाईट वाटलं. रेंगाळली ती, आणि बोलणी बसली काकांना.

काकांनी मान वर केली. "हाक मीच देनार. पन शेवटच्या पानावर भात पडला का तिथनं कुनीतरी 'वाढलं' म्हनायचं. ते ऐकल्याबिगर मी तोंड उघडनार नाय."

वैशाली खो खो हसत सुटली. निकेशने डोळे वटारले.

"हसतेस काय गो?" काका दुखावले.

"तुमाला नाय हसत, काका. माझ्याकडं पन हेच होतंय. भात पडायच्या आधी हाक जातेय!"

तिने लिहिलेला क्रम बरोबर होता, आधी ठेव, मग वाजव. पण नवं यंत्र अतिशहाणं. निरोप अजून हातात असतानाच ते घंटा वाजवून मोकळं व्हायचं. नोंदी छापण्यात जरा वेळ जायचा, तेवढ्यात निरोप खणात पडायचा. इतके दिवस तिचा ड्रायव्हर काकांसारखाच अंदाजावर चालला होता.

लॅपटॉप दहा पावलांवर होता. ती गेली नाही. दुसरी पंगत बसली तेव्हा ती शेवटच्या पानापाशी उभी राहिली आणि तिथे भात पडताच "वाढलं!" म्हणून अशी ओरडली, की हायवेवरच्या दुकानदारांनाही ऐकू गेलं असेल. मग काकांची हाक आली, खणखणीत. हात धुवून पान खात बसलेल्या हैबतरावांनीसुद्धा "हर हर महादेव" केलं.

नंतर ओट्यापाशी उभ्याउभ्याच तिने एक ओळ घातली. निरोप खणात पडल्याची खात्री झाल्याशिवाय घंटा नाही. नोंदी सगळ्या काढून टाकल्या. हजार निरोप सोडले, हजार पोचले. एक लाख सोडले, एक लाख पोचले. वैशाली नव्या फरशीवर अनवाणी नाचली. दुरुस्ती कुणी सुचवली, हे त्या ओळीशेजारी लिहायची रीत असते. तिने लिहिलं, 'महिपती, गडब', आणि दुरुस्ती पाठवून दिली.

दिवेलागणीला उत्तर आलं. दुरुस्ती स्वीकारली होती. ती धावत मांडवात आली. काका खुर्चीवर एकटेच बसले होते. तिने सगळं सांगितलं. नाव जगभर जाणार याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांना वेगळीच काळजी.

"म्हंजे आता तिकडं शेवटच्या पानालाबी भेटतं?"

"भेटतं, काका. एकपन रिकामं नाय ऱ्हात."

"पन तिकडं 'वाढलं' म्हनायला कोन उभं ऱ्हातं?"

वैशालीने त्यांचा हात धरला.

"तुमीच, काका. त्या ओळीशेजारी तुमचंच नाव हाय."