नवी सून आणि जुनं मडकं

मालनने विरजणाचं मडकं साबण लावून, उकळत्या पाण्याने लख्ख घासलं. मग नणंद सुभद्रा धावत आली, "अगं वहिनी, आपल्याकडे हे मडकं कधीच घासत नाहीत!"

माणदेशात गाईंच्या जागी उंट आले, तेव्हापासून या शिंगट्यांच्या घरचं विरजण त्याच मडक्यात नांदत होतं. त्याच्याशिवाय सांडणीचं दूध नुसतं नासायचं. सासूबाई तर संध्याकाळी गावाहून परतणार होत्या.

मालनचा चेहरा पाहून सुभद्राने कोनाड्यातलं ओळखपेन काढलं. आंबट दुधातले जिवाणू कोणत्या घरचे, हे ते टोक टेकताच सांगायचं आणि हवे तेवढे टोकात उचलूनही घ्यायचं. कुठे विरजण उरलंय का म्हणून दोघींनी रवी तपासली, गाळणी तपासली, मालनचे हातही तपासले. पेन दरवेळी म्हणे, "ओळख पटत नाही."

"वहिनी, फारच स्वच्छ गं तू!" सुभद्रा म्हणाली.

तेवढ्यात सांडणीचं पिल्लू रोजच्यासारखं मडक्याचा तळ चाटायला आलं. मडकं कोरडं पाहून त्याने रागाने पेनच तोंडात धरलं.

"शिंगटे घराणं," पेन आतून बोललं. "तब्येत उत्तम."

मालन आनंदाने ओरडलीच. पेनाने नेमके तेवढेच जिवाणू निवडून कोमट दुधात सोडले.

संध्याकाळी सासूबाईंनी विरजलेलं दूध चाखलं, चकाकतं मडकं पाहिलं आणि त्या हसल्या.

"नवी सून मडकं घासणारच गं. म्हणून तर मी रोज तळातलं दूध पिल्लाला चाटवते."